आत्याची दुलई आणि बुचकूची शिंक

झाडांबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारावं. जंगलातलं एकूण एक झाड मी नावानिशी ओळखतो. म्हणजे आंबा ओळखतो. तोही आंबे लागले असतील तर.

तेव्हा बाळांनो, एका जंगलात ही गोष्ट घडली, पण तिथल्या झाडांबद्दल मी काही बोलणार नाही. जनावरांबद्दल बोलतो. ती हलतात, त्यामुळे ओळखायला सोपी.

तिथे रेवणराव नावाचे रानडुक्कर राहत. त्यांची बायको ठकू आणि एकुलतं एक पोर बुचकू. रानडुकराला एकच पोर हे नवलच. पण कुटुंब सुधारलेलं होतं. सुधारलेलं असल्यामुळे ते जमिनीवर झोपत नसत. गादीवर झोपत.

बुचकूच्या बारशाला सगळ्यांनी मऊमऊ वस्तू दिल्या होत्या. रेवणरावांची थोरली बहीण, म्हणजे बुचकूची कोंडूआत्या, तिनं सावरीच्या कापसाची जाडजूड दुलई दिली. मामानं घोंगडी दिली. ती कुठल्या मेंढीची हे त्या मेंढीलाही विचारलेलं नव्हतं. शेजारच्या तरसकाकूंनी कापूस भरलेला ससा दिला. तो इतका हुबेहूब होता की खरे ससे त्या घरावरून जाताना मान खाली घालत.

एवढ्या मायेत बुचकू झोपायचा आणि सकाळी उठला की शिंकायचा. डोळे लाल, नाक वाहतंय, छातीत बारीक शिट्टी. बाकीची पिल्लं उंडारायची. हा चार ढांगा टाकून थांबायचा आणि श्वास गोळा करत बसायचा. ठकू ते बघायची आणि तिचा घास तोंडातच राहायचा.

शेवटी तिनं डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणजे सुतारपक्षी. त्यांनी बुचकूच्या छातीवर ठकठक केलं, पाठीवर ठकठक केलं, सवयीनं दाराच्या खांबावरही केलं. मग म्हणाले, "धुळीची ॲलर्जी."

रेवणराव हसले. "डॉक्टर, आम्ही रानडुकरं. आमचे आजोबा चिखलात जन्मले, चिखलात वाढले. कधी साधी शिंक नाही."

"आजोबांकडे दुलई होती?"

"नव्हती."

"मग? ही चिखलातली धूळ नव्हे. अंथरुणातली. तिच्यात धूळकिडे असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या अंगाची गळलेली कातडी खातात आणि तिथेच शी करतात. त्या शीचा याला त्रास आहे."

रेवणरावांचा चेहरा पडला. "आमच्या गादीत? न विचारता?"

डॉक्टरांनी ठकूला सगळं नीट सांगितलं. दुलई, घोंगडी, ससा, सगळं बुचकूपासून लांब. गादीला आणि उशीला घट्ट विणीची खोळ. चादर दर आठवड्याला कढत पाण्यात. झाडू मारून धूळ उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. दम लागला तर औषधाचा फवारा. "आणि पोराला बाहेर सोडा. चिखलाशी त्याचं काही भांडण नाही."

ठकूनं तसंच केलं. मऊ वस्तू लांबच्या झाडाच्या ढोलीत कोंबल्या. थोड्या दिवसांत बुचकूची शिट्टी गेली. तो ओढ्यापर्यंत एका दमात पळायला लागला. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण तोवर पोर आजारी असल्याची बातमी कोंडूआत्यापर्यंत पोचली होती.

"ताई येतेय!" रेवणराव धावत घरात आले. "दुलई काढ, दुलई!"

"डॉक्टर नको म्हणालेत ना?" ठकू म्हणाली.

"अगं, तिला काय सांगू? ढोलीत टाकली म्हणून?"

"हो. तेच सांगा."

"तुला माझी ताई माहीत नाही."

"माहीत आहे, म्हणून तर म्हणते."

पण बाळांनो, जंगलाची एक रीत असते. ज्यानं वस्तू दिली तो आला की वस्तू वापरात दिसली पाहिजे. रेवणरावांनी दुलई आणली, झटकली, अंथरली आणि बुचकूला तिच्यावर बसवलं. "एवढं चहा होईपर्यंत," ते म्हणाले.

आत्या चहाला आली आणि जेवून गेली. तेवढ्या वेळात बुचकू शिंकायला लागला.

"बघ, गारठलंय पोर," आत्या म्हणाली. "दुलई जरा वर ओढ गं, ठकू. आणि चिखलात सोडत नाही ना याला? धुळीची ॲलर्जी आहे म्हणे."

"वन्सं, डॉक्टर म्हणाले चिखल चालतो."

"डॉक्टर झाडावर राहतो. त्याला चिखलातलं काय कळतंय?"

आत्या गेली आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेली की पोराचं काही खरं नाही. ते ऐकून मामा आला. घोंगडी निघाली. बुचकूला दम लागला. ते मामानं सगळीकडे सांगितलं. मग तरसकाकू आल्या, त्यांच्यासाठी ससा निघाला. पोर आजारी म्हणून लोक येत होते आणि लोक येत होते म्हणून पोर आजारी पडत होतं. डॉक्टर दर खेपेला येत तोवर वस्तू परत ढोलीत गेलेल्या असत. ते ठकठक करत आणि डोकं खाजवत.

"अहो, पोराचा जीव जाईल," ठकू एकदा म्हणाली.

"जीव काय गं," रेवणराव म्हणाले, "नाती गेली तर परत येतात का?"

मग कावळ्यानं बातमी उडवली की बुचकू सीरियस आहे. सगळे एकदम आले.

आता पंचाईत झाली. वस्तू तीन, पोर एक. रेवणरावांनी खाली घोंगडी घातली, वर बुचकू, त्यावर दुलई. मामाचं तोंड वाकडं झालं. "आमची घोंगडी खालीच असायची. मुलीकडची ना!" म्हणून घोंगडी ओढून वर घेतली. झटकून घेतली, कारण पाहुण्यांसमोर झटकलेली बरी दिसते. तशी आत्या उठून उभी राहिली. "मी निघते." म्हणून दुलई वर आली. तीही झटकून. मग तरसकाकू म्हणाल्या, "ससा कुठं दिसत नाही तो?" ससा बुचकूच्या तोंडाशी आला. उन्हाच्या तिरिपेत धुळीचे कण नाचत होते. सगळे म्हणाले, घर कसं भरल्यासारखं वाटतंय.

बुचकूच्या छातीतली शिट्टी थांबली.

"बघ, आराम पडला," आत्या म्हणाली.

ठकूनं पोराकडे पाहिलं. त्याच्या फासळ्या आत ओढल्या जात होत्या. नाकाशी निळसर झालं होतं. तिला कळलं, शिट्टी वाजायलासुद्धा हवा लागते.

तिनं ससा भिरकावला, दुलई ओढून काढली, पोराची मानगूट तोंडात धरली आणि दुलईवरून, घोंगडीवरून, मामाच्या पायावरून चिखलाचे पाय उमटवत थेट बाहेर गेली. ओढ्याकाठी मोकळ्यावर त्याला बसतं केलं आणि डॉक्टरांच्या नावानं अशी ओरडली की झाडावरचे सगळेच पक्षी खाली आले. डॉक्टरांनी फवारा दिला. थांबून परत दिला. ठकू कान लावून बसली.

बऱ्याच वेळानं शिट्टी वाजली. बारीक, चिरकी, बेसूर. ठकूनं इतकं गोड काही कधी ऐकलं नव्हतं. मग शिट्टीही विरली. बुचकूनं डोळे उघडले आणि म्हणाला, "आई, चिखलात जाऊ?"

"जा," ठकू म्हणाली.

मागे सगळे पाहुणे येऊन उभे होते.

"ठकू," आत्या म्हणाली, "दुलईवर पाय दिलास."

"वन्सं, तुम्हाला पोर पाहिजे की दुलई?"

आत्यानं मामाकडे पाहिलं. मग म्हणाली, "असं तोंडावर विचारतात का?"

सगळ्यांचं एकमत झालं की असं तोंडावर विचारत नाहीत. मामा ठकूला म्हणाला, "ताई, आपल्या घरचं हे वळण नव्हे." तरसकाकूंनी ससा झटकून काखेत मारला आणि शिंकत घरी गेल्या.

ठकूनं त्याच दुपारी दुलई आणि घोंगडी मोठ्या हंड्यात घालून खळाखळा उकळली. घोंगडी आटून फडक्याएवढी झाली. दुलईचा गोळा झाला. ही बातमी मात्र कावळ्यानं तिखटमीठ न लावता सांगितली, कारण गरज नव्हती.

त्यानंतर त्या घरी कुणी आलं नाही. दिवाळीला नाही, बारशाला बोलावणं नाही. बुचकू धावतो, लोळतो, आणि इतका शांत झोपतो की ठकू मधूनमधून त्याच्या नाकाशी कान नेऊन बघते.

"आपल्याकडे आता कुणीच येत नाही गं," रेवणराव सुस्कारा टाकून म्हणतात.

"हो ना," ठकू म्हणते आणि ओल्या फडक्यानं पुसत राहते.

तात्पर्य : कढत पाण्यानं धूळकिडे मरतात. नातेवाईक मरत नाहीत, नुसते रुसतात. पोराला गुण दोन्हीनं सारखाच येतो. म्हणून सुज्ञांनी आठवड्यातून एकदा चादरी उकळाव्यात आणि वर्षातून एकदा संबंध बिघडवून घ्यावेत.

हे तात्पर्य मी मुद्दाम जाऊन कोंडूआत्यांना वाचून दाखवलं. टोचावं म्हणून जरा मोठ्यानंच वाचलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "लिहिलंय बरं. पण भाऊ, पोर एवढं आजारी, आणि तुम्ही बघायला आलात ते हात हलवत. निदान एखादी उशी तरी आणायचीत."