सावकाश उठा म्हणणाऱ्या मॅडम

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे भाषणासाठी उठत होते. वय काही फार नव्हतं, अंगाने पैलवान. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला, "सावकाश उठा." पाहुणे अर्धे उठले होते, ते परत खाली बसले. आपल्याला अजून बोलावलेलं नाही, असं त्यांना वाटलं असावं. निवेदन करणाऱ्या मुलीने पुन्हा नाव घेतलं, पाहुणे पुन्हा उठू लागले, आणि पुन्हा तोच आवाज आला. "हां, आता उठा. पण सावकाश."

त्या आमच्या देवस्थळी मॅडम. पाणी, तेल, रक्त, जे जे म्हणून वाहतं ते कसं वाहतं, हा विषय त्या आम्हाला इंजिनिअरिंगला शिकवायच्या. समोरचा माणूस बसलेला असेल आणि उठायला लागला, की त्यांच्या तोंडून ते दोन शब्द यायचेच. परीक्षेची वेळ संपून सगळा वर्ग एकदम उठला, की त्यांची फार धांदल व्हायची. मुलं त्यांना मागून 'सावकाश मॅडम' म्हणत. एकदा जिन्यात दोघेजण "सावकाश आली रे" म्हणत पळाले, तर वरून मॅडम म्हणाल्या, "आले. पण तुम्ही जिन्यावरून पळू नका."

मी नाशिकजवळच्या सायखेड्याची. वडील टेम्पोने लोकांचा टोमॅटो आणि कांदा मार्केटला पोचवतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेलं माझ्याआधी कोणी नव्हतं, त्यामुळे वर्गात कसं बसायचं, कधी बोलायचं, हे विचारायलाही कोणी नव्हतं. मॅडमनी पहिल्याच तासाला प्रश्न विचारून माझ्याकडे बोट केलं. मी इतक्या घाईने उठले, की बाक हलला, शेजारणीची बाटली खाली पडली आणि जे थोडंफार येत होतं तेही डोक्यातून गेलं. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"सावकाश ऊठ," त्या म्हणाल्या. "प्रश्न कुठे पळून चाललाय का?"

आणि मग त्या थांबल्या. खडू हातात धरून, खिडकीबाहेर बघत, अगदी आरामात थांबल्या. माझं उत्तर अर्धंच बरोबर आलं. पण तोवर मला सगळ्यांनी 'लवकर ऊठ, पटकन सांग' एवढंच सांगितलं होतं. माझ्यासाठी कोणी थांबण्याची ती पहिलीच वेळ. घरी आल्यावर आईला हे सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लय म्हाताऱ्या हायेत का गं त्या? गुडघे दुखत असतील." 

मॅडम म्हाताऱ्या नव्हत्या. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती, पण चालायच्या आमच्यापेक्षा भरभर. मुलांना नावाने हाक मारण्याऐवजी त्या गावाने मारायच्या. मी सायखेडा, माझी मैत्रीण सिन्नर. नाशिकचीच मुलं खूप असल्याने त्यांची पंचाईत व्हायची, मग कोणी पंचवटी, कोणी सातपूर. शंका विचारली, की "मला काय विचारतेस, पाण्याला विचार" म्हणून प्रयोगशाळेत पाठवायच्या. गळका नळ त्यांना सहन व्हायचा नाही. एका लग्नात जेवणाच्या रांगेत त्यांनी पाण्याच्या पिंपाची तोटी पर्समधल्या पक्कडीने नीट केली होती. सगळी रांग मागे उभी. वधूपक्षाला वाटलं त्या वरपक्षाच्या, वरपक्षाला वाटलं वधूपक्षाच्या, त्यामुळे कोणीच काही बोललं नाही. गंगापूर रोडवर त्यांचा फ्लॅट होता. तिथले सेक्रेटरी टाकी भरून वाहायला लागली की आधी मॅडमच्या खिडकीकडे बघायचे आणि मग मोटर बंद करायला धावायचे.

शेवटच्या वर्षाला त्यांनी मला त्यांच्या प्रकल्पावर घेतलं. माझ्यापेक्षा जास्त मार्कांची मुलं होती. मी भीत भीत कारण विचारलं, तर म्हणाल्या, "तुला न समजलेलं तू न समजलं असं सांगतेस. मला तेवढं पुरतं."

प्रकल्प होता एका झडपेचा. काही मुलांच्या डोक्यात पाणी साठतं. मग डॉक्टर कानामागून, मानेतून, कातडीखालून एक बारीक नळी पोटापर्यंत सोडतात. जास्तीचं पाणी पोटात उतरतं आणि तिथे जिरून जातं. त्या नळीवर तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी झडप असते. मूल आडवं असतं तोवर सगळं ठीक चालतं. ते उभं राहिलं की डोकं वर आणि पोट खाली, मग उतारावरच्या पाटासारखं पाणी नको तेवढं ओढलं जातं आणि डोकं भयंकर दुखतं. उभं राहिल्यावरही ही ओढ थोपवणाऱ्या झडपा बाहेरून येतात, पण त्या महाग. मॅडमना ती झडप इथे, साध्या खर्चात बनवायची होती. त्यांनी आत एक जड गोळी बसवली होती. मूल उभं राहिलं, की गोळी आपल्या वजनाने खाली बसते आणि वाट अरुंद करते. 

हे तपासायला त्यांनी पिंट्या आणला होता. पिंट्या म्हणजे मेन रोडवरच्या कापडदुकानातून मागून आणलेला लहान मुलाचा पुतळा. त्याच्या डोक्यात पिशवी, पिशवीत निळ्या शाईचं पाणी, मानेतून नळी आणि पोटात मोजपात्र. एका पायाचं बोट तुटलेलं. थंडी पडली, की मॅडम पिंट्याला घरून आणलेला तांबडा स्वेटर घालायच्या. शिपाई शिवामामा म्हणायचे, "मॅडम, मला नाय कधी स्वेटर आणला." त्या स्वेटरला खांद्यावर बटणं होती. तान्ह्या बाळाच्या स्वेटरला असतात तशी, पण स्वेटर सात-आठ वर्षांच्या मुलाचा. मला नवल वाटायचं. विचारलं मात्र नाही.

पिंट्याला एका फळीवर झोपवायचं आणि फळीसकट उभं करायचं. उभं करायचं काम माझं. मॅडम समोर मोजपात्राकडे बघत असायच्या आणि प्रत्येक वेळी म्हणायच्या, "सावकाश उठव." मी सावकाश उठवायचे. गोळी टुक्कन बसायची, पाणी थेंब थेंब पडायचं. महिनोन् महिने एकदाही चूक झाली नाही.

मग मेंदूचे एक डॉक्टर बघायला आले. डॉक्टर सोनवणे. त्यांच्याकडे खेड्यापाड्यांतली मुलं येत. त्यांना झडप पटली, तर त्यांचा दवाखाना आणि आमचं कॉलेज मिळून ती पुढच्या चाचण्यांना पाठवणार होते. मॅडम मे महिन्यात निवृत्त होणार होत्या, आणि त्यांच्यानंतर हा विषय हातात घेणारं कॉलेजात कोणी नव्हतं. झडप पटली नाही, तर ती डब्यात बंद होणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडमनी त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसली होती.

मी पिंट्याला उठवलं. थेंब थेंब. पुन्हा उठवलं. थेंब थेंब. डॉक्टर खूश दिसले. चहाचा कप खाली ठेवत त्यांनी सहज विचारलं, "मॅडम, तुमचा पेशंट नेहमी इतक्या शिस्तीत उठतो का?"

मॅडमना प्रश्न कळला नाही.

"माझ्याकडची पोरं अशी उठत नाहीत हो. आइस्क्रीमवाल्याची घंटा वाजली की कशी उठतात, तसं उठवा की एकदा."

मी मॅडमकडे पाहिलं. त्या मोजपात्राकडे वळल्या. मी फळी झटक्याने उभी केली. गोळी बसण्याऐवजी उडाली, आतल्या आत उड्या मारत राहिली, आणि निळी धार मोजपात्रात सरळ पडत गेली. डॉक्टर चांगले होते. कल्पना उत्तम आहे, एवढं जमलं की मला बोलवा, म्हणून गेले.

शिवामामांनी कप उचलले. मॅडम पिंट्याच्या समोर स्टुलावर बसून राहिल्या. मला वाटलं त्या चिडल्या असतील. पण त्या स्वतःशी बोलावं तशा बोलायला लागल्या. त्यांच्या मुलाला, अमेयला, तो बाळ असतानाच अशी नळी बसवली होती. त्या काळची साधी झडप. तो झटकन उठला, की डोकं धरून ओरडायचा. म्हणून त्यांनी त्याला सावकाश उठायला शिकवलं. स्वेटर डोक्यावरून ओढताना कानामागच्या नळीला लागू नये, म्हणून खांद्यावर बटणं लावली. अमेय फार ऐकणारा मुलगा. म्हाताऱ्यासारखा टेकत टेकत उठायचा. पुढे कॉलेजच्या वयात त्याची झडप बदलली, बाहेरची चांगली बसवली, आणि त्याचा त्रास गेला. आता तो बंगळुरूला नोकरी करतो, मित्रांबरोबर डोंगर चढतो. मॅडमच्या तोंडी ते वाक्य तेवढं कायमचं राहिलं.

"मी ऐकणाऱ्या मुलासाठी झडप केली गं, सायखेडा," त्या म्हणाल्या. "शाळेत खो-खोला त्याला कोणी घ्यायचं नाही. गुण लिहायला बसवायचे. तो घरी येऊन सांगायचा, आई, आज मी गुण लिहिले. आणि मला बरं वाटायचं."

मला एकच गोष्ट येत होती. मी शाळेच्या खो-खोच्या संघात होते. मी प्रयोगशाळेच्या फरशीवर उकिडवी बसले आणि त्यांना म्हटलं, "मॅडम, खो मिळाल्यावर मूल असं उठतं." आणि उठून टेबलापर्यंत धावले. मॅडम एकदम अर्ध्या उठल्या. ओठावर आलेलं वाक्य त्यांनी गिळलं. मग म्हणाल्या, "पुन्हा कर." मी पुन्हा केलं. त्यांनी मला घाम येईपर्यंत उठवलं.

त्यानंतर रोजच्या चाचणीचं नावच खो पडलं. गोळीला उडायला जागा मिळू नये म्हणून वरची पोकळी कमी केली, तर झोपल्यावर पाणी अडायला लागलं. पोकळी वाढवली, की गोळी पुन्हा उडायची. मग गोळी ज्या खळग्यात बसते त्या खळग्याचा उतार बदलला, आणि असं करत करत एप्रिल उजाडला. फळी मीच उभी करायचे. त्या क्षणी मॅडम डोळे मिटून घ्यायच्या आणि आकडा मला वाचायला सांगायच्या. पिंट्याचं आणखी एक बोट तुटलं. 

डॉक्टर सोनवणे पुन्हा आले. मी फळीला हात घालून तयार उभी होते, पण मॅडम पुढे आल्या. पिंट्याच्या उशाशी उभ्या राहिल्या, त्याच्या खांद्यावर हलकेच थाप मारली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "खो."

मी उठवलं. गोळी बसली. थेंब, थेंब, थेंब. डॉक्टरांनी स्वतः येऊन दोन-चार वेळा आदळआपट करून पाहिली. शेवटी ते हसले आणि पुढच्या चाचण्यांचे कागद कधी पाठवता, असं विचारलं.

सगळे गेल्यावर मी आवराआवर केली. माझ्या एसटीची वेळ होत आली होती. मी स्टुलावरून घाईने उठले आणि सवयीने त्या वाक्याची वाट बघत थांबले. ते आलं नाही. मॅडम म्हणाल्या, "पळ, गाडी चुकेल."

दप्तर घेऊन मी बाहेर आले. दाराशी चपला घालत होते, तेव्हा आतून त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला.

"अमेय, कामात आहेस का? नाही, काही नाही झालं. बसलायस ना खुर्चीवर? मग झटकन ऊठ बघू."

मग त्या थांबल्या, माझ्या उत्तरासाठी थांबल्या होत्या तशाच, आरामात.

"उठलास?" त्यांनी विचारलं. "बरं वाटतंय ना? मग अजून एकदा ऊठ."