कॅप्टन हॅरिंग्टनला कोणी पाडलं?

"आमच्या बापूजींनी एका वारात कॅप्टन हॅरिंग्टनला घोड्यावरून खाली पाडलं! चर्चमध्ये गोऱ्यांनी स्वतः पाटी लावलीय, आणखी काय पुरावा पाहिजे?"

महाल भागात पिढ्यानपिढ्या राहणारे निवृत्त हेडक्लार्क अनंतराव दफ्तरी हा पराक्रम तीस वर्षं ऐकवत आले होते. लग्नात, मयतीत, अगदी दाताच्या दवाखान्यात आ वासलेला असतानासुद्धा! आता बापूजी म्हणजे त्यांच्या पणजोबांचे आजोबा. आणि पाटी अनंतरावांनी एकदाच, नाताळच्या गर्दीत लांबून पाहिलेली. वर दोन तलवारी, मध्ये घोडा, खाली हॅरिंग्टनचं नाव. त्याखालची बारीक अक्षरं वाचायची गरजच पडली नाही. इतिहास रक्तात असल्यावर चष्मा कोण शोधतो!

त्या रविवारी त्यांच्या मुलीच्या, अदितीच्या, साखरपुड्याची तारीख काढायला होणारे व्याही आले. गिरिधरभाऊ, कळमन्याच्या बाजारातले संत्र्यांचे व्यापारी. अनंतरावांनी पोह्यांसोबत कॅप्टनही वाढला.

"मंग दाखवा नं मले ती पाटी!" गिरिधरभाऊ उठलेच. "आत्ताच चला!"

संत्रेवाल्याला इंग्रजी कुठलं येणार, या भरवशावर अनंतराव पत्नीला, सुमतीबाईंना, घेऊन ऐटीत निघाले.

चर्चमध्ये पाटीसमोर त्यांनी छाती काढली. "हे पाहा!"

गिरिधरभाऊंनी खिशातून चष्मा काढला आणि परदेशी माल पाठवताना कागद वाचावेत तशी सगळी पाटी खाडखाड वाचून काढली.

"अनंतराव, हा तं लढाईत मेलाच नाही जी!"

"काय?"

"घोडा बुजला, साहेब पडला, पाय मोडला. मंग बावीस वर्षं मजेत जगला."

"आणि आमचे बापूजी?"

"आहेत नं, खाली आहेत! 'साहेबाचा इमानदार नोकर बापूजी दफ्तरी. जखमी साहेबाले पाठीवर घेऊन अकरा मैल चालला.'"

"ते... ते दुसरे बापूजी असतील!"

"'राहणार महाल' बी लिहून आहे."

अनंतरावांचा चेहरा फ्रीजमध्ये विसरलेल्या काकडीसारखा झाला. तीस वर्षांची तलवार गेली ती गेलीच, आता पोरीचं लग्नही जातं! खोटारडं घर म्हणून हा माणूस इथूनच परत फिरणार! गिरिधरभाऊ बाकावर जाऊन बसले. मग एकदम त्यांचं पोट हलायला लागलं.

"बरं झालं बाप्पा!" ते हसता हसता म्हणाले. "तुमची गोष्ट लोकाइकडून ऐकून आमची मंडळी चार दिवसांपासून घाबरून राहिली होती. म्हणे, तलवारीचं घराणं आहे, सून रागावली तं काय करायचं? हे तं सेवा करणारं घराणं निघालं! तारीख काढा!"

अनंतरावांच्या जिवात जीव आला. आवाजही आला.

"शेवटी अकरा मैल म्हणजे काही थट्टा नाही, गिरिधरभाऊ! ती ताकद आमच्या रक्तातच आहे!"

"हो ना," सुमतीबाई म्हणाल्या, "परवा यांनी गॅसचं सिलिंडर दारातून ओट्यापर्यंत नेलं, तेव्हापासून कंबरेला पट्टा आहे."