सहानंतरचे मगदूम

सोमवारी कंपनीने मला कामावरून काढलं आणि माझा ओव्हरटाइम ठेवून घेतला.

मी विश्वास मगदूम. सांगलीतल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत बसून तीन वर्षं पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळत होतो. कामाची वेळ दहा ते सहा. त्यानंतर रोज तीन-चार तास जास्तीचे, रविवार वेगळाच. एचआरच्या मृणाल मॅडमना मी कॉलवर हे सगळं सांगितलं. त्यांना ते ठाऊकच होतं, उलट निर्णय त्यावरच झाला होता. दहा ते सहा काम करणारे मगदूम बेताचेच निघाले होते. सहानंतरचे मगदूम मात्र साऱ्या टीममध्ये पहिले आले होते.

"पण मॅडम, दोन्ही मीच ना?"

"रेकॉर्डला वेगळे आहेत, सर. त्यांच्याशी बोलणं झालंय आमचं. ते थांबायला तयार आहेत."

तो तयार होणारच. तीन वर्षांत तो कशाला नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही. लॅपटॉप कुरिअरने परत पाठवू का, असं विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, नको, त्यांना लागेल.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण थोडं बरंही वाटलं. माझी मुलगी शर्वरी नऊ वर्षांची आहे. खाली सोसायटीच्या कोर्टवर सहा वाजता बॅडमिंटन सुरू होतं, आणि 'उद्या नक्की' असं मी तिला ती पहिलीत असल्यापासून सांगत आलोय. नोकरी गेली तर गेली, संध्याकाळ तरी आपली झाली, असं मी मनाशी म्हटलं.

सहाला पाच कमी असताना पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. मागे खोलीचं दार लागलं. आतून कडी सरकली आणि कीबोर्ड सुरू झाला. माझ्यापेक्षा हात जरा चलाख होता.

माझी बायको सुजाता नेहमीसारखी चहा घेऊन आली. दार लागलेलं असलं की ठोठावायचं नाही, कप उंबऱ्यापाशी ठेवायचा, कुकरच्या शिट्ट्या सहाच्या आत उरकायच्या, हे आमच्या घरात आता कुणाला सांगावं लागत नाही. मी तिला सकाळपासूनचं सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"मग तुमच्यासाठी अजून एक कप टाकू की काय?" तिने विचारलं.

दार वीतभर उघडलं, कप आत गेला. थोड्या वेळाने बाहेर आला. चहाचा शेवटचा घोट मी तळाशी ठेवतो, लहानपणापासूनची खोड आहे माझी. कपात तेवढाच चहा होता. मला भीती वाटली. सुजाताने कप विसळून टाकला.

शर्वरी त्या दारासमोर रॅकेट घेऊन मांडी घालून बसली होती. रोज याच वेळी ती तिथे बसते, हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, चल, खाली जाऊ खेळायला.

तिने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला ना. बाबा कॉलवर आहे."

एरवी ती मला अरे-तुरे करते. मी तिला म्हटलं, अगं, मीच आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. पाहुण्यांना दुखवू नये म्हणून मुलं हसतात तशी थोडी हसली आणि दाराला तोंड लावून म्हणाली, "बाबा, येतोयस ना?"

"एक मिनिट, बाळा," आतून माझा आवाज आला. त्यात खोटेपणा नव्हता. माझ्यातही कधी नव्हता.

शर्वरीने मान डोलावली. ते मिनिट केवढं असतं, ते मला माहीत होतं, आणि तिलाही. खालून शटलचा टप-टप आवाज येत होता. भिंतीला टेकवलेली दुसरी रॅकेट कोरी होती, मुठीवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. ती मी हातात घेतली.

शर्वरी जरा बाजूला सरकली आणि मला बसायला जागा करून दिली.