दहा ते पाच

बेरिलने आईचं लॉज सोडून आठवडाही झाला नव्हता, आणि आज सुट्टीच्या सकाळी ती भर पावसात समुद्रकाठच्या छपराखाली कुडकुडत बसली होती. कुणी हाकललं नव्हतं. तीच निघून आली होती.

आईच्या लॉजचं नाव 'सी व्ह्यू'. समुद्र फक्त वरच्या संडासाच्या खिडकीतून दिसे, तोही उंच माणसाला. नियम एकच: न्याहारी झाली की दहाला बाहेर पडायचं आणि पाचच्या आत दारात पाऊल टाकायचं नाही. गारा पडोत की वीज. बेरिलही पाहुण्यांबरोबर बाहेर काढली जाऊनच एकोणीस वर्षांची झाली. त्यामुळे आज पावणेदहाला, स्वतःच्या भाड्याच्या खोलीत, तिच्या हातांनी आपोआप कोट चढवला.

चूक लक्षात येऊन ती उठणार, तोच समोरून आई आली. "महिनाभर टिकलीस तर मानेन," लॉज सोडताना आई म्हणाली होती, "नाहीतर जन्मभर इथेच चादरी बदल." बेरिलने झटकन हातातला पेपर तोंडासमोर धरला. वाऱ्याने पेपर पळवला. हातात उरला मृत्युवार्तांचा कोपरा.

"कोण गेलं?" आईने शेजारी बसत विचारलं. "मालकिणीने हाकललं ना?"

"नाही."

"मग किल्ली हरवलीस."

बेरिलने खिशातून किल्ली काढून दाखवली.

"मग इथे काय करतेयस, कार्टे?"

"दहा वाजले होते."

आईने थर्मासमधला चहा झाकणात ओतून पुढे केला. "याच बाकावर आपले जुने पाहुणे मिस्टर पोलार्ड चौदा उन्हाळे बसले. निथळत पाचला यायचे, पण कुरकुर म्हणून नाही. आता त्यांची मुलं विमानाने स्पेनला जातात, ऊन खायला."

"पण तू का बाहेर? लॉजमध्ये तर एकही पाहुणा नाही."

"दहा वाजले होते ना," आई पुटपुटली.

बेरिलने तिला हाताला धरून खोलीवर आणलं. आईने बूट तीनदा पुसले, खुर्चीच्या टोकाला टेकली, खाटेखालची धूळ हेरली, बिछान्याच्या चादरीचा कोपरा नीट खोचला आणि साडेअकराला उठली.

"निघते. दिवसाढवळ्या घरात बसलेलं बरं नाही दिसत."

बेरिलने दाराला पाठ लावली.

"बस खाली. या घराचाही एक नियम आहे," ती म्हणाली. "पाचच्या आत कुणी बाहेर पडायचं नाही."