दहा शेअरांची मालकीण

हौसामावशी आमच्या कारखान्यात शिरल्या की सगळ्यात आधी दिवे मालवतात. भर दुपारी व्हरांड्यात ट्यूब जळताना दिसली, की त्या बटणांच्या फळीपाशी जाऊन उभ्या राहतात. कुठलं बटण कशाचं ते कळत नाही, म्हणून सगळीच बंद करतात. एकदा त्यात अकाउंट्सचे सगळे संगणक गेले. आत आरडाओरडा झाला, तर मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बाहीर एवढं ऊन पडलंय, आन आत दिवं लावून कुनाला हुडकताय?"

गेटवरचा रक्षक नवा असला तर अडवतो. "कोण पाहिजे, आजी?"

"कोन पायजे काय? मालकीन हाय मी."

आणि ते खोटं नाही. त्यांचे यजमान आमच्या वराळ्याच्या कारखान्यात फिटर होते. कंपनीने शेअर बाजारात आणले तेव्हा कामगारांनाही देऊ केले होते. बाकीच्यांनी ते पुढे विकून मोटरसायकली घेतल्या. यजमानांनी आपले दहा ठेवले. मावशी सांगतात, "ह्यांच्या मागं मला दोन म्हशी आन दहा शेर ऱ्हायलं. म्हशी आटल्या. शेर चालू हायेत."

भागधारकांचा पत्रव्यवहार मी बघते, त्यामुळे मावशी माझ्या वाट्याला आल्या. दरवर्षी कंपनीचा इंग्रजी अहवाल गडाच्या पायथ्याशी त्यांच्या गावी, तिकोणा पेठेला पोचला, की तो पिशवीत घालून, एसटी बदलत त्या वराळ्याला येतात, माझ्यासमोर बसतात आणि म्हणतात, "वाच." तोही मराठीत आणि सगळा. संचालकांच्या फोटोंवरसुद्धा थांबावं लागतं. "ह्यो वाळला गं लय. साखर हाय का ह्याला?"

मागच्या वर्षी असंच वाचता वाचता मी एक पान हळूच उलटलं.

"पान का उलटलंस?"

"काही नाही मावशी, राजकीय देणगी आहे. निवडणुकीतली."

मी आकडा सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला. "आकडा ऱ्हाऊ दे. कुनाला दिली?"

मी आमच्या भागातल्या उमेदवाराचं नाव सांगितलं. निवडणूक होऊन गेली होती आणि तो निवडून आला होता. मावशींनी माझ्या हातातला अहवाल मिटला. मग म्हणाल्या, "ठाकरांवर बोललेला त्योच ना? मी आयकलंय, पन बघितलं न्हाई. तुज्या फोनात हाय का?"

होतं. सगळ्यांच्याच फोनात होतं. लोणावळ्याच्या सभेतलं भाषण. विरोधी उमेदवाराने डोंगरावरच्या ठाकर आदिवासींच्या वाड्यांना रस्ता देऊ म्हटलं होतं, त्याची हा टर उडवत होता. "रस्ता कुणाला? त्या काळ्या ठाकरांना? अहो, ती झाडावरची जमात! त्यांना फांदी पुरते!" पुढे मोठा हशा. वर्तमानपत्रांत ओरड झाली, तेव्हा 'गमतीत बोललो' म्हणून तो मोकळा झाला होता.

मावशींनी ते दोनदा बघितलं.

"ह्यात हसतंय कोन?"

"गर्दी आहे, मावशी."

"गर्दीला काय नावं नसत्यात व्हय?" मग थोडा विचार करून, "ह्यो बोलला आदी, का कंपनीनं पैशे दिले आदी?"

मला तारखा ठाऊक होत्या. "बोलला आधी."

"म्हंजी आयकून दिले," मावशी म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या. व्हरांड्यातला एकही दिवा त्यांनी बंद केला नाही. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

कंपनीची वार्षिक सभा लोणावळ्याच्या एका हॉटेलात असते. एरवी तिथे मावशींचे प्रश्न म्हणजे करमणूक. 'खाऊच्या खोक्यातला लाडू लहान का झाला' या प्रश्नावर एकदा दहा मिनिटं चर्चा झालेली आहे. पण या खेपेला कुणीतरी माझ्या वरच्या साहेबांच्या, कंपनीच्या सेक्रेटरींच्या, कानावर घातलं असावं. सकाळीच त्यांनी मला बाजूला घेतलं. "त्या पेठेच्या मावशींच्या हातात माइक जाता कामा नये."

मी माइक दिला नाही. पण गडाच्या उतारावर चरणाऱ्या म्हशी जिने आयुष्यभर खालच्या बांधावरून हाका मारून वळवल्या, तिला माइक कशाला?

"ओ अध्यक्ष!" मावशी मागच्या रांगेतून उठल्या. वाढप्यांसकट सगळे थांबले. "मालकीन इचारतीया. ठाकरांना झाडावरचं म्हननाऱ्याला आमच्या कंपनीनं पैशे का दिले?"

अध्यक्ष सभ्य गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला. "मावशी, ती देणगी या भागाच्या विकासासाठी होती."

"इकास म्हंजी रस्ताच ना? आन त्यो तर रस्ता मागनाऱ्याला हसला!"

"ते त्यांचं वैयक्तिक मत आहे. कंपनीचा त्या मताशी संबंध नाही."

"मत त्याचं, मांडव तुमचा. न्हवरा-न्हवरी नसला तरी वऱ्हाड तुमीच की!"

हशा पिकला. मावशी गर्रकन वळल्या. "हसू नगा. तवाबी असंच हसलं व्हतं समदं." त्या पुन्हा अध्यक्षांकडे वळल्या. "त्याला पत्र धाडा. म्हनावं, पैशे परत दे, न्हाईतर वाडीवर जाऊन माफी माग. माझं म्हननं मताला टाका."

"हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही, मावशी. मतदान घेता येणार नाही."

"नगा घेऊ. मी देतीया." आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

"मावशी, एका माणसाला एकच हात," साहेब पुटपुटले.

"एक ह्यांचा हाय."

पुढच्या रांगेतला एक म्हातारा निवृत्त फिटर उठला आणि त्याने हात वर केला. मग आणखी दोघांनी. बाकीचे आपापल्या खाऊच्या खोक्यांकडे बघत राहिले. मावशी हात खाली घेईनात. अध्यक्ष पुढचा विषय वाचू लागले, मग तिसरा, मग आभार. मावशी तशाच उभ्या. शेवटी खुर्च्या उचलायला माणसं आली तेव्हा त्यांनी हात खाली केले आणि मला म्हणाल्या, "लिवलंस का?"

लिहिलं होतं. इतिवृत्तातली ती ओळ साहेबांनी खोडली. मी पुन्हा टाइप केली. त्यांनी पुन्हा खोडली, मी पुन्हा टाइप केली. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि सही केली. पैसे परत आले नाहीत. कंपनीने खुलासा मागणारं एक मिळमिळीत पत्र मात्र धाडलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

इतिवृत्ताची प्रत घेऊन मी तिकोणा पेठेला गेले. वाटलं, मावशी खूश होतील. त्यांनी कागद हातात घेतलासुद्धा नाही. पायात चपला सरकवत म्हणाल्या, "चल. वर जायाचं. बुधीला वाचून दाव."

बुधी म्हणजे वरच्या ठाकरवाडीतली त्यांच्याच वयाची बाई. चाळीस वर्षं मावशींच्या खाचरात भात लावायला येत होती. गुडघे गेल्यापासून खाली उतरली नव्हती. मावशीही वर कधी गेल्या नव्हत्या. वाडी दिसायला लागल्यावर त्या दोनदा थांबल्या आणि दोनदा पदर सारखा केला.

बुधाबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. मी वाचलं. सूप न थांबवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हौसे, त्यो माजला तसा बोलला. त्याचं मला काय न्हाई. तुजी सासू मला परसात बसवायची आन माज्या ओंजळीत वरनं पानी वतायला लावायची, तवा तू कुटं व्हतीस?"

"तितंच," मावशी म्हणाल्या. "तांब्या माझ्याच हातात व्हता."

"ठावं हाय मला."

"सासू गेल्यावरबी तसाच वतला मी. सवय म्हून. तुला कदी घरात ये म्हनले न्हाई." मावशींचा तो म्हशी वळवणारा आवाज मला जेमतेम ऐकू येत होता. "आता घरात बोलाया कुनी न्हाई, बुधे. तुजी लय याद येती. पन वर यायाला त्वांड नव्हतं."

बुधाबाईंनी सूप खाली ठेवलं. भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मावशी चटकन जमिनीवर उकिडव्या बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

बुधाबाई त्या ओंजळीकडे बघत राहिल्या.

"खुळे," त्या म्हणाल्या, "मी काय तुजी सासू हाय? सरळ बस. आन त्वांड लावून पी."