गिरजाऊ भोईण हिचे सांगण्यावरून कालवा फिरला आणि पेठ वसली

श्री उदकदेवता साक्ष. शके सोळाशें बावन्न, साधारण नाम संवत्सरे, माघमासीं, धन्यांचे राज्यांत थोरले नदीवर जेथें खडकांमुळें नावा फुटत आणि माल डोईवरून कोसभर न्यावा लागे, तेथें खडक टाळून कालवा काढावा, ऐसी आज्ञा जाहली. कामावर विसाजीपंत नेमिले. पंत करारी, आणि आपले मोजणीचा भरंवसा बहुत. त्यांणीं पांचशें बेलदार लावून तीन महिने चर खोदविला आणि वैशाखांत बांध फोडिला, तों पाणी हातभर आंत आलें आणि उभें राहिलें. कालव्याचें तोंड उंचावर पडिलें होतें. पावसास महिना उरला, पूर येतां सारा चर गाळानें बुजणार, म्हणोन पंतांस अन्न गोड लागेना.

मग वरचे घाटीं उताराची नाव चालविणारी गिरजाऊ भोईण, वय साठ, पंतांपुढें उभी राहिली आणि बोलिली, "पंत, तोंड चुकलें. माझे घाटीं भर उन्हाळ्यांतही वल्हें तळास लागत नाहीं. तेथून चर आणा."

पंत रागें भरले. "तूं मज शिकवितेस?"

"शिकवीत नाहीं. पाणी कोठें असतें तें सांगतें."

मग पंत तिचे नावेंत बसले आणि स्वहस्तें वल्हें बुडविलें, तें तळास न लागलें. तेव्हां दोरी धरून पाहिलें, तों नवा चर नेमका तिचे घरावरून जात होता. पंत घोटाळले, म्हणाले, "गिरजाऊ, घर जाईल, घाटही जाईल. ठाऊक होतें?"

"ठाऊक होतें, म्हणोन चार दिवस आलें नाहीं. पण पांचशें माणसांचा घाम मातींत जाईल, तें बघवेना."

आणि तिणें पहिली कुदळ आपले घरावर आपणच घातली, आणि रडली, आणि पंतांणीं पागोटें उतरोन तिचे पायांवर ठेविलें. मग बेलदार ईर्षेस पेटले, आणि ज्येष्ठ शुद्ध दशमीस बांध फोडितां पाणी धांवत आलें, आणि भरल्या नावा खडक टाळून सुखरूप खालीं गेल्या.

धनी संतोषले, पुसिलें, "बाई, काय द्यावें?" ती म्हणाली, "कालव्याचे तोंडीं नावा आंत सोडण्याचा जो दरवाजा, तो माझे हवालीं करावा." तो दिल्हा. मग काठावर तांबट आले, रंगारी आले, होड्या बांधणारे सुतार आले, आणि दहा वर्षांत पेठ दुतर्फा भरली. गिरजाऊ अखेरपर्यंत दरवाजावर बसोन प्रत्येक नावाड्यास "सावकाश रे बाबा" म्हणत असे.

एकूण पेठ ऐसी वसली. सांप्रत सातशें घरें नांदती आहेत, कालव्यास बारमास पाणी आहे, आणि भरली नाव खडकावर फुटतां पाहिली ऐसा माणूस पेठेंत कोणी उरला नाहीं.