आधी चढला तो आधी उतरला

कडुबा भाऊजी आमच्या दारात चपला काढतात आणि नमस्काराच्या ऐवजी विचारतात, "वहिनी, खासगी किती?"

नवख्या माणसाला यात भलतंच काही वाटेल, म्हणून आधी सांगून टाकते. एस.टी.चा कंडक्टर ड्यूटीवर निघताना स्वतःच्या खिशातले पैसे आधी कागदावर लिहून देतो. रस्त्यात तपासणीवाले चढले, तर तिकिटाचे पैसे कोणते आणि घरचे कोणते हे कळायला पाहिजे. भाऊजी, माझ्या नवऱ्याचे गावचे सोबती, एकतीस वर्षं कंडक्टर होते. आता निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी रोज सकाळी खिसा मोजतात, आकडा चिठ्ठीवर लिहितात आणि मगच दुधाला बाहेर पडतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं, तेव्हा ती चिठ्ठी त्यांनी नर्सपुढं धरली. म्हणाले, "सिस्टर, खासगी तीनशे चाळीस. सही करा." तिनं केली. तिला वाटलं, दवाखान्याचाच कागद असेल.

किराणावाल्याकडं दोन रुपये सुटे नसले की भाऊजी त्याला बिलाच्या मागं 'दोन रुपये बाकी' असं लिहायला लावतात. औरंगपुऱ्यातल्या निम्म्या दुकानदारांना ते लांबून येताना दिसले, की आधी गल्ल्यात सुटे आहेत का ते बघतात.

मी त्यांना लई हसायचे. हसणाऱ्या बाईचं स्वतःचं काय चाललं होतं, ते आता सांगते.

मी चौथी पास. आमचे मालक, संपतराव, तेवीस वर्षं एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. कारखान्यानं कामगारांना स्वस्तात शेअर दिले, तेव्हा त्यांनी शंभर घेतले. मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही, कारण त्या पैशात पत्रे बदलायचे होते. ते गेले आणि शेअर माझ्या नावावर झाले. दोन-तीन वर्षांनी पुण्याहून मुलगा आला, त्यानं माझ्या मोबाइलमध्ये भाव बघायचं शिकवलं. म्हणाला, "आई, नुसतं बघत जा." तिथं खाली दोन बटणं होती. एक घेण्याचं, एक विकण्याचं. बटण समोर असताना नुसतं बघणारी बाई मी नाही.

सकाळी दहा शेअर घ्यायचे, दुपारी दहा विकायचे. मागच्या उन्हाळ्यापासून कधी महिनाभरही ठेवायचे. आणि घ्यायचे ते सगळे त्याच कारखान्याचे. दुसरी कंपनी मला ठाऊकच नव्हती. टीव्हीवर लोक एवढाल्या कंपन्यांची नावं घेतात, पण त्या कारखान्याचं गेट मी डोळ्यांनी पाहिलं होतं, डबा घेऊन गेले होते. मला वाटायचं, गेट पाहिलेलं आहे म्हणजे धंदा समजला.

हिशोब मी कॅलेंडरवर लिहायचे, दुधाच्याच चौकटीत. 'दूध १, शेअर १०, गॅस आला.' नफा झाला की शेजारी फुली. नुकसान झालं की काही नाही, कारण नुकसान लिहून ठेवायला मी काय वेडी आहे का. वर्ष संपलं की कॅलेंडर फाडून पिठाच्या डब्याखाली. अशी तीन वर्षं मी फुल्या मोजून गल्लीत सांगत होते की मला यातलं कळतं.

मग एक दिवस आयकर खात्याचा मेसेज आला. खात्याचं म्हणणं, तुम्ही वर्षभरात एवढ्या लाखांची खरेदी-विक्री केली, तिचं विवरणपत्र कुठं आहे? लाखांचा आकडा बघून मला आधी आनंदच झाला. मुलाला नाही झाला. तो फोनवर म्हणाला, "आई, वेळेत सगळं नीट भरलं तर ठीक. परत एक मेसेज आला तर मी तुझं खातंच बंद करतो."

एवढंच पणाला लागलं होतं, पण ते माझ्यासाठी थोडं नव्हतं. खातं बंद झालं, तर मी दिवसभर काय करायचं? भजनी मंडळात माझा आवाज चालत नाही.

एका सीए बाईकडं गेले. मुलीच्या वयाची होती. तिनं कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाली, "आजी, विक्री सगळी दिसते. पण जे शेअर दुसऱ्याच्या नावावरून तुमच्याकडे आले, त्यांची खरेदी कोरी आहे. केव्हा घेतले, कितीला घेतले, ते कागदासकट आणा. आणि तुमची स्वतःची नोंदवही असेलच."

मी म्हटलं, "आहे की." घरी आले, पिठाचे डबे उचलले, आणि तीन कॅलेंडरं काखोटीला मारून कडुबा भाऊजींच्या दारात गेले.

त्यांनी कॅलेंडर उघडलं. दुधाच्या चौकटी बोटानं मोजल्या. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही माझ्या गाडीत कंडक्टर असत्या, तर पाचोडचा बाजार गाठायच्या आधी सस्पेंड होऊन घरी गेल्या असत्या."

"निस्तारता येतं का ते सांगा."

"दूध, गॅस अन् शेअर एका खात्यातून. खासगी कुठलं अन् गाडीचं कुठलं, देवाला तरी कळंल का?"

"देवाला विचारायचं असतं तर तुमच्याकडं काहून आले असते?"

त्यांनी चौकटीची जाड वही आणली. संपतरावांच्या ट्रंकेत सापडलेले कारखान्याचे कागद, बँकेचं पुस्तक, मोबाइलवरच्या पावत्या, सगळं मी त्यांच्यापुढं टाकलं. भाऊजींनी माझ्या धंद्याची एस.टी. करून टाकली. सकाळी घेऊन दुपारी विकलेले म्हणजे गावातल्या गावात चढून उतरलेले, त्यांचा कागद वेगळा. वर्षाच्या आत विकलेले जवळच्या पल्ल्याचे. वर्षाच्या वर राहिलेले लांब पल्ल्याचे. "तिकीट तिघांचं निराळं," ते म्हणाले, "कर पण निराळा. एकाचं दुसऱ्यात मिसळायचं नाय." एक पावती वहीत चढली, की तिला तिकिटाच्या पंचानं भोक पाडायचे. माझ्या लाइटच्या बिलालाही पाडलं.

आठ दिवसांत माझ्या फुल्यांचा निकाल लागला. तीन वर्षांत गल्लीला सांगण्यासारखं मी काही कमावलंच नव्हतं. दलाली आणि खर्च धरून उलट थोडं घालवलं होतं. माझ्यापेक्षा दूधवाला पुढं होता.

पण वही काही हाती येईना. शेवटची तारीख जवळ येत चालली आणि भाऊजी रोज नवं कारण सांगायचे. आज चष्मा सापडत नाही, उद्या फुलंब्रीला भाच्याकडं जायचंय. परवा म्हणाले, शाई फिकी आहे. आयुष्यात कधी एक फेरी उशिरा न सोडलेला माणूस, आणि शाई फिकी म्हणून गाडी थांबवतो. मला वाटलं, म्हातारा खचला. थोडं वाईटही वाटलं, पण तारखेपुढं वाईट वाटून चालत नाही. तीन दिवस उरले, तेव्हा मी सकाळीच त्यांच्या घरी गेले आणि टेबलावरची वही उघडली.

सगळं लिहून झालं होतं. ओळीनं ओळ, आकड्याखाली आकडा. फक्त एका विक्रीपुढं रकाने रिकामे होते. मागच्या गणपतीनंतर मी शंभर शेअर विकले होते, त्याच दिवशी न घेता केलेली माझी पहिली विक्री, ती ओळ.

"हे काय? हे तर मी उन्हाळ्यात घेतलेले शंभर. महागात घेतले, स्वस्तात विकले. तोटा लिहा आणि मोकळे व्हा."

भाऊजी खिडकीपाशी उभे होते. म्हणाले, "ते तुमचे नव्हते, वहिनी."

"मग कोणाचे?"

"आयकरवाल्यांचा नियम आहे. शेअरवर नाव लिहिलेलं नसतं. खात्यात जे आधी आले, तेच आधी गेले असं धरायचं. आधी चढला तो आधी उतरला. तुमच्या खात्यात आधी संपतराव आलेले. तुम्ही मागनं शंभर चढवले, अन् शंभर उतरवले. उतरले ते संपतरावांचे."

मी खुर्चीत बसले. मी बटण दाबलं, तेव्हा गॅसवर भात होता. घाईत होते. मला चांगलं आठवतं.

"तोटा बी नाय," ते म्हणाले. "त्यांनी कवडीमोलानं घेतले होते. नफाच आहे तुम्हाला. लांब पल्ल्याचा. थोडा कर बसंल."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि दहा दिवस शाई फिकी?"

ते वळले नाहीत. "एका ताटात जेवलेलो आम्ही. एका गावचे. त्याला मी माझ्या हातानं उतरवला असं लिहायचं जिवावर आलं. दुसरं काय."

त्या घरात रेडिओ सोडला तर बोलणारं कोणी नाही. त्यांची बायको माझ्या मालकांच्या आधी दोन वर्षं गेली. तेव्हा मालक आणि भाऊजी संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसायचे, आणि मी आतून ओरडायचे, की दोन म्हाताऱ्यांना चहा किती वेळा लागतो. तिसऱ्यांदा मागितला की द्यायचे नाही. आता वाटतं, द्यायला हरकत नव्हती. साखर काही माझ्या माहेरची नव्हती.

पण हे मी त्यांना बोलले नाही. मी म्हटलं, "भाऊजी, तो माणूस सहा वर्षांपूर्वीच गेला. तुम्ही रकाना कोरा ठेवल्यानं परत येतोय का? आणा पेन. मी सांगते, तुम्ही लिहा."

मी कागदावरची तारीख वाचली, भाव वाचला, शंभर म्हटलं. त्यांनी हळूहळू लिहिलं. मग कागदाला पंचानं भोक पाडलं. माझा चष्मा धुरकट झाला होता, तो मी पदरानं पुसला.

विवरणपत्र वेळेत गेलं. कर भरला. मुलाला सांगितलं, सगळं नीट आहे. तो म्हणाला, "आई, तू हुशार आहेस." मी हो म्हटलं.

पंधरा दिवसांनी भाऊजी आले. खासगी किती विचारलं नाही. उभ्याउभ्याच म्हणाले, "मला बी खातं काढून द्या. त्या कारखान्याचा शेअर घ्यायचाय."

"किती?"

"एक."

"एक शेअर कोण घेतं? लोक हसतील."

"हसू द्या. एकच पाहिजे."

खातं निघालं. बटण कुठलं ते मी दाखवलं, दाबलं त्यांनी. मग वहीचं नवं पान काढून खरेदीची तारीख आणि भाव लिहिला. विक्रीच्या रकान्यावर त्यांनी पट्टी धरली आणि वरून खालपर्यंत रेघ मारून तो बंद करून टाकला.

मी चहा ठेवला.